चुलीच्या हिशेबात न मावणारी माणसे

दसरा-दिवाळी उलटली की पालम, गंगाखेड या भागांतील गावागावांतून ऊसतोड मजुरांचे तांडे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाच्या वहीत माणूस लिहिला जात नाही, कोयता लिहिला जातो. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उचल मिळते ती या जोडीला. ज्याला ऊस तोडता येत नाही, मोळी बांधता येत नाही, तो कोयत्यात बसत नाही. मग तो मागे राहतो, थकलेल्या आजीपाशी किंवा कुणा नातलगाच्या ओसरीवर. म्हाताऱ्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या सोबत असा मागे राहणारा एक माणूस असतो, ज्याची दखल ऊसतोडीवरील अहवालांत क्वचितच येते. तो तीस-पस्तीस वर्षांचा असतो. जन्मतः बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी घेऊन आलेला असतो. गाव त्याला अजूनही 'पोरगं' म्हणते.

मुकादमाला दोष देऊन मोकळे होता येणार नाही. शासनाची वहीही त्याच वळणाची आहे, फक्त तेथे कोयत्याऐवजी चूल मोजली जाते. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेने एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब असे धरले, आणि २०१६ मध्ये आलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाने याच कुटुंबांतून घरकुलाचे लाभार्थी निवडले. वंचिततेचा एक निकष अपंगत्वाचा होता. पण त्याचे शब्द असे की घरात अपंग सदस्य असावा आणि एकही धडधाकट प्रौढ नसावा. म्हणजे धाकटा भाऊ ऊसतोडीला जाण्याइतका धडधाकट असेल, तर त्या धडधाकटपणाचा दंड थोरल्या अपंग भावाला! शहरी योजनेत मिळवत्या प्रौढाला, लग्न झालेले असो वा नसो, स्वतंत्र कुटुंब मानण्याची सोय पुढे झाली. पालम गावात नगरपंचायत आहे, तेव्हा ही सोय तेथे लागू पडावी. परंतु त्यातला 'मिळवता' हा एक शब्द सारे काढून घेतो. ज्याला बाजारात कुणी मजुरी देत नाही, तो मिळवता कसा ठरणार? आणि मिळवता नाही म्हणून कुटुंब नाही, कुटुंब नाही म्हणून घर नाही. श्रमशक्ती विकता येईल त्यालाच माणूस मानायचे, हा भांडवली व्यवहाराचा नियम कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्याने आपल्या अर्जाच्या नमुन्यात जसाच्या तसा उतरवून घेतला आहे.

कायद्याची वाण आहे असे मुळीच नाही. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारनाम्याला मान्यता दिली. त्याचे १९ वे कलम समाजात राहून स्वतंत्र जीवन जगण्याचा हक्क सांगते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने पाचव्या कलमात तोच हक्क मान्य केला. कुणाही अपंग व्यक्तीवर विशिष्ट निवासव्यवस्थेची सक्ती होऊ नये, तिला घरात आणि वस्तीत साहाय्यसेवा मिळाव्यात, असे तेथे म्हटले आहे. मात्र हे सारे शासनाने 'करावयाचे' नाही, त्यासाठी 'प्रयत्न करावयाचा' आहे. २४ वे कलम त्याहून स्पष्ट आहे. सामाजिक सुरक्षेच्या योजनांमध्ये अपंगांना द्यावयाची रक्कम इतरांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावी, असे ते बजावते. आता घरकुलाचा तक्ता उघडून पाहावा. सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार, डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार. डोंगराला रकाना आहे, अपंगाला नाही. या २५ टक्क्यांचा हिशेब केला तर पालम तालुक्यातील अपंग लाभार्थ्यामागे ३० हजार रुपये होतात. ३७ वे कलम घरांच्या वाटपात ५ टक्के आरक्षण देते. पण आरक्षण हे यादीतल्यांसाठी असते, आणि यादीत तर चूल आहे.

दरमहा मिळते ते काय? संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे हजार रुपये २०२३ मध्ये दीड हजार झाले आणि अपंगांसाठी २०२५ मध्ये अडीच हजार. ही वाढही आंदोलनाच्या रेट्यावाचून झालेली नाही. केंद्राच्या अपंग निवृत्तिवेतनाचा वाटा २०१२ पासून ३०० रुपयांवर गोठलेला आहे, आणि तोही ८० टक्के अपंगत्व असणाऱ्या दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीलाच. मधल्या काळात दिल्लीने 'विकलांग' हा शब्द बदलून 'दिव्यांग' केला. शब्दावर खर्च येत नाही.

'आमच्यानंतर याचे काय?' हा प्रश्न प्रत्येक अशा आईबापाच्या छातीवर दगडासारखा असतो. आजवर राज्यकर्त्यांनी त्याला दोनच उत्तरे दिली: भावजय किंवा संस्था. भावजयीचे फुकट श्रम हे ज्या समाजधोरणाचे अधिष्ठान आहे, त्याला 'आपली कुटुंबसंस्कृती' असे गोंडस नाव आहे. या संस्कृतीचा वारसाहक्काचा इतिहासही ध्यानात ठेवलेला बरा. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२८ च्या कायद्याने हिंदू वारसाहक्कातील अपंगत्वाची आडकाठी काढली तेव्हाही जन्मतः वेडसर वा मतिमंद माणसाला त्यातून वगळलेच होते. ती वगळणी १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने संपली. कागदावर हक्क आला. प्रत्यक्षात हक्कसोडपत्रावरचा अंगठा कुणाचा, हे कोणत्याही तलाठ्याला विचारावे.

आणि संस्था? १९९४ च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण सांगितले गेले ते मासिक पाळीच्या स्वच्छतेचे. महिला संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा ते थांबले. २०११ मध्ये पनवेलजवळ कळंबोलीच्या संस्थेतील मतिमंद मुलींवरील अत्याचार उघडकीस आले. याच्या अगदी उलट टोकाला अमरावती जिल्ह्यातील वझ्झरचे शंकरबाबा पापळकर आहेत. बेवारस अपंग मुलांना त्यांनी आपले आडनाव दिले आणि अठराव्या वर्षी अशा मुलांना बालगृहाबाहेर काढणारा नियम बदलावा म्हणून वर्षानुवर्षे शासनाशी झगडा मांडला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्री देणे सोपे होते. अठरा वर्षांनंतर या मुलांनी कोठे राहावे, याचे कायद्याचे उत्तर देणे कठीण होते. पापळकरांच्या माणुसकीपुढे कुणीही नतमस्तक व्हावे. पण एका सत्पुरुषाच्या हयातीवर टांगलेले छप्पर हे धोरण नव्हे, आणि भले चाललेले असले तरी आयुष्यभराचे वसतिगृह म्हणजे घर नव्हे.

येथे व्यवहारी माणूस हटकून विचारतो: ज्याला पैसे मोजता येत नाहीत, तो स्वतंत्र कसा राहणार? जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्यात स्वयंपाकी असतो, गाडीला चालक असतो, दारात शिपाई असतो; त्याला परावलंबी म्हणण्याचे धाडस कुणी करीत नाही. स्वतंत्र राहणे म्हणजे एकटे राहणे नव्हे. कुणासोबत राहावे, कधी जेवावे, दाराची कडी आतून लावावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरविणे म्हणजे स्वतंत्र राहणे. त्यासाठी लागणारी मदत साहेबाला सरकारी खर्चाने मिळते, ओसरीवरच्या माणसाला उपकार म्हणून. स्वीडनने १९९४ पासून अंमलात आलेल्या कायद्याने बौद्धिक अक्षमता असणाऱ्या प्रौढांना साहाय्यासह घर मागण्याचा हक्क दिला आणि या शतकाच्या उंबरठ्यावर त्यांची जुनी मोठी इस्पितळे कायद्याने बंद केली. भांडवलशाहीचे माहेरघर असलेल्या अमेरिकेतही १९९० च्या कायद्याखाली अपंग भाडेकरू आपल्या उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्के भाडे देतो, उरलेले सरकार भरते. तेथेही प्रतीक्षायाद्या लांबलचक आहेत. पण निदान अर्ज त्या माणसाच्या नावाचा असतो.

पालममध्ये हे अशक्य का असावे? एकदाच विटा-सिमेंटचे पैसे देऊन हात झटकणारे अनुदान येथे कामाचे नाही. नुसत्या चार भिंतींत माणूस कोंडलाही जाऊ शकतो. दरमहाचे भाडे-अनुदान हवे, आणि त्याच्या जोडीला त्याच वस्तीतील साहाय्यक हवी. ती आशा-अंगणवाडी ताईंसारखी मानधनावर राबवलेली नव्हे, किमान वेतन आणि रजा असलेली कामगार हवी. अधिनियमाच्या ३८ व्या कलमात अधिक साहाय्याची गरज असणाऱ्यांसाठी अर्जाची तरतूद आहेच. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक स्तर समितीवर जिल्हा प्रशासन बसलेले आहे. तिने केवळ पालकत्वाची प्रमाणपत्रे वाटण्याऐवजी कुणाला कोठे आणि कुणासोबत राहायचे आहे हे त्या व्यक्तीलाच विचारावे. पैसा नाही म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावे लागेल की स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के अपंगांवर खर्च करावयाचे हा राज्याचाच आदेश आहे. ही रक्कम अनेक ठिकाणी वर्षातून एकदा, मंडप घालून, छायाचित्रासह माणशी थोडी थोडी वाटली जाते.

तालुक्याच्या आवास सर्वेक्षणात अठरा वर्षांवरील प्रत्येक अपंग व्यक्तीची नोंद भावाच्या चुलीखाली न करता स्वतंत्र कुटुंब म्हणून करावी, ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांत आणि नगरपंचायतीच्या सभागृहात लेखी नोंदविली गेली पाहिजे. पाच टक्क्यांच्या निधीतून पहिल्या काही खोल्यांचे भाडे आणि दोन-तीन साहाय्यकांचे वेतन येत्या अंदाजपत्रकातच धरता येईल. आणि हे सारे ऊसतोडीचे तांडे निघण्यापूर्वी व्हावयास हवे. तांडे निघाले की ठरावावर सही करायला गावात माणसे उरत नाहीत.