आधीं चाकें पाहा

मनुष्यस्वभावाची अशी कांहीं खोड आहे कीं, जें गर्जना करतें त्याची आपण स्तुति करतों आणि जें मुकाट्यानें भार वाहतें त्याची आपणांस आठवणही राहत नाहीं. नवें वाहन दाराशीं आलें म्हणजे इंजिन किती ताकदीचें, वेग किती, हें सर्वजण विचारतात. चाकें, स्प्रिंगा व सुकाणू यांचें कुशल कोणी पुसत नाहीं.

सुटी लागली कीं आम्हां खारघरवासीयांची पावलें अलिबाग, नागांव, काशीद या किनाऱ्यांकडे वळतात. चार फुगीर चाकांची, ए. टी. व्ही. नांवाची गाडी तेथें भाड्यानें मिळते. गेल्या दिवाळींत एका किनाऱ्यावर मीं माझ्या पुतण्यास अशा गाडीवर बसविलें. त्याचें वय 13. मोठ्या इंजिनाची ही गाडी 16 वर्षांखालील मुलांनीं चालवूं नये, असें बनविणारेच सांगतात. गाडी डावीकडे ओढीत होती. मीं तसें म्हणतांच गाडीवाला हंसून म्हणाला, "कांहीं नाहीं साहेब, हँडल जरा घट्ट धरायला सांगा." मीं तें मानलें, हा माझा दुसरा अपराध. पहिल्याच वळणावर गाडी उलटली आणि मुलाचा हात मोडला. मागाहून वाकून पाहतों तों सुकाणूकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाशीं पिनेऐवजीं गंजकी तार गुंडाळलेली! भाड्याची घासाघीस करण्यास मला वेळ होता. खालीं वाकण्यास मात्र अर्धें मिनिट मिळालें नव्हतें.

ही रचना समजण्यास कठीण नाहीं. 1970 सालीं होंडा कंपनीनें अमेरिकेंत अशी तीनचाकी विकावयास आणली, तेव्हां तिला स्प्रिंगा नव्हत्याच. फुगीर टायरच धक्के झेलीत. आजच्या चारचाकीस स्प्रिंगा आहेत, तरी टायरांचें तें काम सुटलेलें नाहीं. मोटारीच्या टायरांत दर चौरस इंचास सुमारें 30 पौंड दाब असतो, हिच्यांत बहुधा 4 ते 7. म्हणून दोन बाजूंच्या दाबांत दोन पौंडांचा फरक पडला तरी गाडी मऊ चाकाकडे ओढूं लागते. स्प्रिंग धक्का सोसते आणि तिच्या जोडीची तेलाची नळी उसळी शमविते. तेल गळून गेलें म्हणजे चाक जमिनीवर ठरत नाहीं, आणि जें चाक जमिनीवर नाहीं त्यास वळवून उपयोग काय?

परीक्षाही सोपी आहे. गाडीचा पुढील भाग दाबून सोडावा. तो एकदां वर येऊन स्थिर झाला तर ठीक, डोलत राहिला तर शॉक अब्सॉर्बर थकला. पुढील चाक उचलून, वर व खालीं धरून हलवावें. खडखडलें तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट झिजला. तेंच चाक दोन्ही बाजूंस धरून हलवावें. ढिलेपणा दिसला तर सुकाणूच्या दांड्याचीं टोकें पाहावीं. नट व पिना जागच्या जागीं आहेत ना, हें पाहून मगच बसावें. समुद्रावरून परतलेली गाडी त्याच दिवशीं गोड्या पाण्यानें धुवून, वाळवून, सांध्यांस ग्रीस द्यावें. कारण खारें पाणी लोखंड खातें आणि रेती बेअरिंग दळते.

कोणी म्हणेल, हें मालकाचें व मिस्त्रीचें काम. खरें आहे, त्यांनीं तें केलेंच पाहिजे. परंतु त्यांच्या चुकीनें मोडणारा हात आपल्या मुलाचा असतो. मध्यप्रदेशांतील पीथमपूर येथें 2007 सालीं सुरू झालेल्या 'बाहा' स्पर्धेंत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः अशा खडतर वाटेच्या गाड्या बनवितात. तिच्या मूळ प्रकारांत सर्व संघांस एकाच नमुन्याचें इंजिन असे. म्हणजे चार तासांच्या शर्यतींत कस लागे तो सांगाड्याचा, स्प्रिंगांचा, सुकाणूचा. आणि तपासणींत उतरल्यावांचून कोणासही मैदानांत सोडीत नाहींत. जो नियम त्या तरुणांस लागू, तो आपल्या लेंकरांस कां नसावा?

आपले आजे बैलगाडी जुंपण्यापूर्वीं आंसास वंगण घालीत आणि चाकाची धाव ठोकून पाहत. त्यांनीं यंत्रशास्त्राचें पुस्तक वाचलें नव्हतें. परंतु आपलीं माणसें कशावर बसणार, हें ते जाणून होते. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापाशीं निदान सायकल तरी आहे. दर रविवारीं तिचीं चाकें उचलून फिरवून पाहा, हवा मोजा, हँडल तपासा. एकदां हात काळे करण्याची लाज गेली म्हणजे भाड्याच्या गाडीखालीं वाकण्याचीही लाज वाटणार नाहीं. आणि पालकहो, किनाऱ्यावर कोणी "जरा घट्ट धरा" म्हणूं लागला, तर मुलास गाडीवरून खालीं उतरवा. मीं तें केलें नाहीं.