निरवांगीची झोप कोण मोजणार?

१० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. आज महाविद्यालयांत व्याख्याने होतील, ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहिला जाईल, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळेल. पाहुणे ज्या मानसशास्त्र विभागात शिकले तिथे आता शिकवायला कोण उरले आहे, हे मात्र कुणी विचारणार नाही.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. पाठोपाठ यूजीसीने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्र शिकवायला मनाई केली. दोन्ही निर्णय योग्यच. पण इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीच्या मुलीची घर सांभाळून एम.ए. करण्याची सोय दुसऱ्या निर्णयात गेली. तिला वर्गात बोलवायचे आणि तो वर्ग तासिका तत्त्वावर चालवायचा, हा कुठला न्याय?

तासिकेवर राबणाऱ्यांच्या निष्ठेबद्दल शंका नाही. पण यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.चे मार्गदर्शन नियमित, पूर्णवेळ अध्यापकच करू शकतो. प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगीकडे सहा, सहायकाकडे चार विद्यार्थी. एक प्राध्यापक निवृत्त झाला आणि जागा तशीच राहिली, की आठ संशोधनांना आसरा उरत नाही. २०२५च्या एनआयआरएफ क्रमवारीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ विद्यापीठांच्या गटात २३वरून ५६वर घसरले, तेव्हा रिक्त जागांची चर्चा झाली. चर्चेला आपण कधीच कमी पडत नाही.

मार्गदर्शक नसला की कुठले संशोधन अडते, ते पाहा. नैराश्य मोजणाऱ्या प्रश्नावलीत झोपेचा प्रश्न बहुधा असतोच. शेतीपंपाला रात्रीची लाइट असली, की नीरा नदीकाठचा ऊसवाला मध्यरात्री बॅटरी घेऊन उसात दारे धरतो. झोप होत नाही, असे तो सांगेल. ते नैराश्य मानायचे की वीजपुरवठ्याचे वेळापत्रक? आणि दिवसाची लाइट आल्यावरही, कारखान्याचे बिल थकल्यामुळे तो जागाच असेल तर? शहरातल्या विद्यार्थ्यांवर बेतलेल्या गुणांकनात हा फरक दिसत नाही. त्यासाठी लागवडीपासून तोडणीपर्यंत गावात येत-जात राहणारा संशोधक हवा, आणि त्याच्या पाठीशी हक्काचा मार्गदर्शक.

अध्यापकांची भरती होईल तेव्हा निवड समिती शोधनिबंध मोजेल, गुणांची बेरीज करेल. ते करावेच. पण त्याआधी उमेदवाराच्या हाती तीच प्रश्नावली द्यावी आणि रात्री दारे धरणाऱ्या माणसासाठी तुम्ही यात काय बदलाल, असे विचारावे. उत्तराला भरपूर वेळ द्यावा.