मेटल मैफलीचे भवितव्य मैदानाच्या हाती

दौऱ्यावर असलेले चार-पाच हेवी मेटल बँड एकाच मंचावर येणार अशी घोषणा झाली, की रसिकांमध्ये चर्चा रंगते ती गायक-वादकांच्या नावांची. कार्यक्रम प्रत्यक्षात पार पडेल की नाही, हे मात्र मैदान, सुरक्षा कठडे आणि घड्याळ यांवर अवलंबून असते. गेल्या दोन दशकांतील भारतातील अनुभव तरी हेच सांगतो.

परदेशी बँडसाठी भारत हा बहुतांशी वाटेवरचा मुक्काम राहिला आहे. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडने १७ मार्च २००७ रोजी बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर कार्यक्रम केला. पुढच्या वर्षी, १ फेब्रुवारी २००८ रोजी, त्यांच्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभच मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून झाला आणि तीन दिवसांनी हा ताफा ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे पोहोचला. वादक, कर्मचारी व साहित्य एकाच बोइंग ७५७ विमानातून नेण्यात येत होते. विमानाचे सारथ्य गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः करीत असत!

असे विमान प्रत्येकाला परवडणारे नाही. त्यामुळे अनेक बँडनी एकच ध्वनियंत्रणा, एकच प्रकाशयोजना आणि एकच मंच वापरून खर्च वाटून घ्यावयाचा, ही पद्धत रूढ झाली. बंगळुरू येथे २०१२ पासून भरू लागलेला 'बँगलोर ओपन एअर' महोत्सव याच धर्तीवरचा आहे.

तथापि, बँड वाढले की वेळेचे गणित बिघडते. प्रत्येक बँडनंतर वाद्ये हलवावी लागतात, ध्वनी पुन्हा जुळवावा लागतो. प्रवेशद्वार तासभर उशिरा उघडले, तर त्याची झळ शेवटच्या, म्हणजेच मुख्य बँडला बसते. कारण ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजविता येत नाही. वर्षातील कमाल १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. महाराष्ट्रात यांतील अनेक दिवस गणेशोत्सव व नवरात्रासाठी राखले जातात, हे वेगळे सांगावयास नको.

याच नियमांतील शांतता क्षेत्राच्या तरतुदीमुळे मुंबईच्या धोबी तलावनजीकचे रंगभवन मैफलींना बंद झाले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'चे ते दीर्घकाळचे घर होते. रुग्णालये व महाविद्यालये लगत असल्याने निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु तशी पर्यायी जागा शहराने उभारली नाही, ही तक्रारही रास्तच आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. २८ ऑक्टोबर २०११ रोजी गुडगाव येथे मेटॅलिकाचा कार्यक्रम मंचासमोरील कठडा निकामी झाल्याने ऐनवेळी स्थगित करण्यात आला. संतप्त प्रेक्षकांनी मंचावर चढून मोडतोड केली, अखेर कार्यक्रम रद्द झाला व आयोजकांपैकी काहींना अटक झाली. दोनच दिवसांनी बंगळुरूत तोच बँड निर्विघ्नपणे वाजला. बँड तोच होता, संगीतही तेच होते; फरक व्यवस्थेचा होता. जून २०२५ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ जणांचा बळी गेला. तो सोहळा क्रिकेटचा असला, तरी त्यानंतर कोणत्याही मोठ्या गर्दीकडे पोलीस अधिक सावधपणे पाहणार, हे ओघानेच आले.

या अनिश्चिततेचा भार शेवटी प्रेक्षकावर पडतो. पुण्याहून किंवा शिलाँगहून निघणारा तरुण रेल्वेचे आरक्षण कित्येक आठवडे आधी करतो. अंतिम परवानग्या मात्र अनेकदा अखेरच्या दिवसांत मिळतात. कार्यक्रम रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे परत मिळू शकतात, प्रवासाचे व मुक्कामाचे नाही.