चूक मुलीची नव्हती, कागदाची होती



शेळगावातल्या आमच्या शाळेत सातवीच्या मुलांना मी पायथॉनमधलं 'टर्टल' शिकवते. आज्ञा दिली की पडद्यावरचं कासव चालतं आणि मागे रेघ उमटते. कल्पना जुनी आहे, 1967 सालच्या 'लोगो' भाषेतली, पण मुलांना आजही तेवढीच गंमत वाटते.

त्या दिवशी तिरंगा काढायचा होता. मी दिलेल्या कागदावर केशरी रंगासाठी लाल 255, हिरवा 153, निळा 51 असे आकडे होते. एका मुलीने तेच टाकले. पट्टा रंगलाच नाही, 'बॅड कलर सीक्वेन्स' असा संदेश आला. मी न बघताच म्हणाले, "नीट बघून टाइप कर गं." तिने तीनदा टाकलं. शेवटी हळूच म्हणाली, "मॅडम, मला नाही जमत हे."

संध्याकाळी मी स्वतः करून पाहिलं. मलाही तोच संदेश! शोधल्यावर कळलं, टर्टल मुळात रंगाचे आकडे 0 ते 1 यांच्या दरम्यान मागतं. 0 ते 255 वापरायचे तर आधी 'कलरमोड(255)' ही आज्ञा द्यावी लागते. पायथॉनच्या अधिकृत माहितीत 240, 160, 80 हे आकडे देऊन नेमकी हीच चूक दाखवलेली आहे. आमच्या कागदावर ती एक ओळ गळली होती, आणि मी न तपासता झेरॉक्स काढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर सांगितलं, "चूक माझ्या कागदाची होती." मग फळ्यावर प्रत्येक आकड्याला 255 ने भागलं. उत्तरं आली 1, 0.6 आणि 0.2. ते टाकले आणि पट्टा केशरी झाला! दशांश अपूर्णांक कशाला शिकायचे, हे त्या दिवशी वेगळं सांगावं लागलं नाही.

त्याच कागदावर 'मूळ रंग लाल, पिवळा, निळा' असंही होतं. चित्रकलेच्या तासाला आपण असंच शिकवतो. पण पडद्यावर प्रकाश मिसळतो, तिथे लाल, हिरवा, निळा धरतात. पूर्ण लाल आणि पूर्ण हिरवा मिळून पडद्यावर पिवळा होतो. वहीत रंग मिसळून बघा, मळकट तपकिरी होईल. कोणती गोष्ट कुठे लागू, हे कागदाने सांगायलाच हवं.

माझं म्हणणं एवढंच. छापलेलं ते बरोबर आणि अडलं ते मूल चुकलं, ही आपली सवय सोडूया. पायथॉनच्या माहितीतली चूक कुणीही कळवू शकतं, त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही. आपले कागद मात्र व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं तसेच फिरतात. म्हणून वाटण्याआधी प्रत्येक ओळ स्वतः चालवून बघा. चूक सापडली तर ज्या ग्रुपवरून कागद आला तिथेच दुरुस्ती टाका. पालकांनो, "लिहिल्याप्रमाणे केलं तरी येत नाही" असं मूल म्हणालं, तर रागावण्याआधी एकदा तो कागद हातात घ्या.

गळलेली ओळ आता कागदावर आहे. ती पेनाने त्याच मुलीने लिहिली, आणि नव्या झेरॉक्स मी त्यावरूनच काढल्या.