निष्ठा मागण्याआधी अटी पाहा

मा. संपादक,


‘आजच्या मुलांना कष्ट नकोत, वर्षभरात नोकरी बदलतात, सहा वाजले की बॅग उचलतात’ अशा तक्रारीची पत्रे गेले काही आठवडे आपल्या सदरात येत आहेत. पत्रलेखक बहुतेक माझ्याच वयाचे, निवृत्त. मी भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी केली. हजेरी, रजा, ओव्हरटाइम आणि पगारपत्रक हेच माझे काम. कोण किती तास राबतो आणि त्याच्या हातात काय पडते, हे दोन्ही आकडे रोज माझ्यासमोरून जात. त्या आधारावर सांगतो, ही तक्रार अन्यायाची आहे.

सहा वाजता बॅग उचलण्याचेच घ्या. आमच्या काळी भोंगा झाला की मशीन बंद. हात धुऊन माणसे गेटवर, बाहेर कंपनीची बस उभी. कोणाला थांबवले तर त्याचा ओटी लागे, आणि तोही कारखाने कायद्याप्रमाणे दुप्पट दराने. भोंगा झाल्यावर घरी गेलेल्याला कोणी कधी कामचुकार म्हटले नाही. फोरमन रात्री साडेदहाला दारात येऊन ‘उद्याच्या जॉबचे ड्रॉइंग जरा बघून ठेव’ असे सांगत नसे. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलीला नेमका तोच निरोप आज व्हॉट्सॲपवर येतो, आणि तिने तो वाचला आहे हेही साहेबाला कळते. तिने संध्याकाळी सात वाजता फोन बाजूला ठेवला, तर आम्ही जे करत होतो तेच ती करते आहे. तिच्या ऑफिसात भोंगा नाही, म्हणून तो तिला स्वतःच वाजवावा लागतो.

ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावे असे म्हटले. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे 90 तासांचे विधान गाजले. रविवारी लोकांकडून काम करून घेता येत नाही, याची खंतही त्यांनी बोलून दाखवली. तो रविवार मुंबईतल्या गिरणी कामगारांनी मिळवला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी साप्ताहिक सुट्टीची मागणी 1884 पासून लावून धरली आणि 10 जून 1890 रोजी ती गिरणीमालकांकडून मान्य करून घेतली. माझ्या पिढीने तो रविवार आयता उपभोगला. सुट्टीचा दिवस सांभाळू पाहणाऱ्या मुलांना आपण तरी आळशी म्हणू नये.

आता निष्ठेविषयी. आम्ही एकाच कंपनीत आयुष्य काढले, हे खरे. पण का काढले? पर्मनंटचे पत्र हातात पडले की प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, कँटीन, गणवेश, दिवाळीला बोनस आणि ठरलेल्या मुदतीने होणारा वेतन करार हे सगळे ओघाने येत असे. त्या पत्रावर घराचे कर्ज मिळे, कामगारांच्या सोसायटीत नाव लागे, आणि मुलगी द्यायला लोक तयार होत. कंपनी आमची आयुष्यभराची जबाबदारी घेत होती, म्हणून आम्ही आयुष्य दिले. हा सरळ व्यवहार होता आणि त्यात कमीपणा काही नव्हता.

हा व्यवहार मुलांनी मोडलेला नाही. तो मोडताना मी हजेरीपटावर पाहिला आहे. पर्मनंट कामगारांची पाने दरवर्षी कमी होत गेली आणि ठेकेदारांच्या याद्या लांबत गेल्या. वर्षात 240 दिवस भरले की कामगाराला सलग सेवेचे हक्क लागतात, म्हणून टेम्पररी मुलांना सात महिने झाले की ‘ब्रेक’ द्यायचा. मग दुसरी मुले आणायची, किंवा काही दिवसांनी तीच मुले नव्या नंबरवर घ्यायची. पुढे पुणे पट्ट्यातल्या कारखान्यांत ‘नीम’ या प्रशिक्षण योजनेतली मुले आली. नाव प्रशिक्षणार्थी, काम लाइनवरच्या उत्पादनाचे, हातात फक्त विद्यावेतन, आणि प्रॉव्हिडंट फंड नाही. मशीन तेच, शिफ्ट तीच, पण शेजारच्या पर्मनंट माणसाच्या पगारात आणि त्यांच्या विद्यावेतनात कित्येक पटींचे अंतर. वेतन कराराच्या टेबलावर व्यवस्थापन बसे, युनियन बसे. या मुलांच्या वतीने कोणीच बसत नसे, आणि सही करणाऱ्या दोन्ही बाजूंना ते पुरते ठाऊक असे.

लातूर-परभणीकडून आलेला, चाकणला एका खोलीत चौघांबरोबर राहणारा असा मुलगा हजार रुपये जास्त मिळतात म्हणून रस्त्यापलीकडच्या कंपनीत गेला, तर त्याने निष्ठा कोणावर ठेवायला हवी होती? त्याला कंपनीने नेमलेले नाही. ठेकेदार बदलला की त्याचे ओळखपत्रही बदलते.

वातानुकूलित ऑफिसातली गोष्ट फार वेगळी नाही. आयटीत नव्याने लागणाऱ्याला मिळणारे वर्षाचे पॅकेज दहा-पंधरा वर्षांपूर्वी सव्वातीन लाखांच्या आसपास होते, आजही अनेक मोठ्या कंपन्यांत ते साडेतीन लाखांच्या मागेपुढेच आहे. पुण्यातले खोलीचे भाडे मात्र थांबलेले नाही. जुलै 2025 मध्ये टीसीएसने मनुष्यबळात सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक जणांची कपात जाहीर केली, आणि तिचा रोख मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीवर होता. वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्यांचे काय होते, हे नव्या मुलांनी पाहिले. पेन्शनचे म्हणाल, तर सप्टेंबर 2014 पासून पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या आणि 15 हजारांहून जास्त मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्याला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन योजनाच लागू नाही. सरकारी नोकरीतही 1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेल्यांसाठी राज्याने जुनी निवृत्तिवेतन योजना बंद केली. म्हातारपणाची सोय ज्याची त्यानेच करायची असेल, तर पगारवाढीसाठी नोकरी बदलणे हा शहाणपणा आहे.

एक तक्रार मात्र मला मान्य आहे. सतत माणसे बदलल्याने कौशल्य मरते. चांगला टूलरूम कारागीर उभा राहायला वर्षे जातात, आणि ती वर्षे एका उस्तादाच्या हाताखाली जावी लागतात. पण सात महिन्यांनी ब्रेक मिळणाऱ्या मुलाला कोणता उस्ताद जीव लावून शिकवील?

तरुणांनाही एक गोष्ट परखडपणे सांगायची आहे. संघटना म्हटली की तुम्ही नाक मुरडता. राजीनामा देऊन निघून जाणे तुम्हाला सोपे वाटते, पण त्या खुर्चीवर उद्या दुसरा कोणी त्याच अटींवर बसतो. लोखंड्यांच्या वेळच्या गिरणी कामगारांनी एकेकट्याने गिरणी बदलली असती, तर रविवार मिळाला नसता. आयटी कर्मचाऱ्यांची संघटना पुण्यात आहे. तिचे सभासद व्हा.

हे आत्ताच करायला हवे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे आणि कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले जाते. टाइम ऑफिसात बसलेल्या माणसाला त्या संमतीची किंमत विचारा. पुढच्या महिन्यात ज्याचा ब्रेक आहे, तो समोर ठेवलेल्या कोणत्याही कागदावर सही करतो. दुसरीकडे, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारे खासदार सुप्रिया सुळे यांचे खासगी विधेयक 2018 मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि 2025 मध्ये पुन्हा मांडावे लागले. त्याचा अजून कायदा झालेला नाही.

माझ्या वयाच्या वाचकांना विनंती आहे. घरातल्या मुलाने किंवा मुलीने नोकरी सोडण्याचा विषय काढला, तर उपदेश करण्याआधी त्यांचे नेमणूकपत्र मागून घ्या आणि शेवटपर्यंत वाचा. कामाचे तास किती लिहिले आहेत, राजीनामा दिल्यावर किती महिने थांबवून घेणार आहेत आणि कंपनी त्यांना किती दिवसांत काढू शकते, हे पाहा. आणि आपल्या भागातल्या आमदाराला बारा तासांच्या निर्णयाविषयी पत्र लिहा. निवृत्तांकडे वेळ आहे, आणि आपल्याला कोणी ब्रेक देऊ शकत नाही.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, भोसरी