प्रत्यर्पण आणि परस्परविश्वास

चिलीचा माजी हुकूमशहा ऑगुस्तो पिनोशे याला ऑक्टोबर १९९८ मध्ये लंडनमध्ये अटक झाली, तेव्हा जगभरच्या समाजवाद्यांना आनंद झाला, आणि तो रास्तच होता. अटक स्पेनमधील न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांच्या वॉरंटावरून झाली होती. माजी राष्ट्रप्रमुखपदाचे कवच छळाच्या आरोपापुढे टिकत नाही, असा निर्वाळा ब्रिटनच्या उमराव सभेतील न्यायमूर्तींनी १९९९ साली दिला. परंतु अखेरचा शब्द गृहमंत्र्यांचा होता. प्रकृतीचे कारण देऊन मार्च २००० मध्ये त्यांनी पिनोशेला मायदेशी जाऊ दिले. न्यायालयात मिळविलेले मंत्र्याच्या कचेरीत गमावले गेले. आणि तो मंत्री मजूर पक्षाचा होता, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

युरोपीय संघाने २००२ साली स्वीकारलेले व २००४ पासून अमलात आलेले युरोपीय अटक-वॉरंट या पार्श्वभूमीवर पाहावयास हवे. त्यात मंत्र्याला निर्णयाचा अधिकार नाही. एका देशाचे वॉरंट दुसऱ्या देशाच्या न्यायसंस्थेने, सामान्यतः साठ दिवसांत, निकालात काढावयाचे. बत्तीस प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांत तर ते कृत्य आपल्याकडेही गुन्हा आहे काय, हे विचारावयाचेही नाही. या व्यवस्थेला सरसकट पोलिसी राज्य म्हणण्याची डाव्या वर्तुळातील प्रथा मला मान्य नाही. भांडवल सरहद्दी जुमानीत नाही. मग करबुडव्याने सरहद्द ओलांडताच सुटावे, यात श्रमिकांचे हित कोणते?

माझा आक्षेप निराळा आहे. १९५७ च्या युरोपीय प्रत्यर्पण करारात राजकीय गुन्ह्याचा अपवाद होता. नव्या वॉरंटाच्या प्रास्ताविकात राजकीय मतांसाठी होणाऱ्या छळाचा उल्लेख आहे, पण नकाराच्या कारणांच्या यादीत तो नाही. या अपवादाचे मोल मराठी वाचकास सांगावयास नको. जुलै १९१० मध्ये मार्सेय बंदरात सावरकरांना प्रत्यर्पणाच्या कोणत्याही प्रक्रियेविना ब्रिटिशांच्या हवाली करण्यात आले, तेव्हा फ्रान्समध्ये आश्रयाच्या हक्कासाठी आवाज उठविला तो जाँ जोरेस आणि मार्क्सचा नातू जाँ लाँगे या समाजवाद्यांनी. (सावरकरांच्या पुढील राजकारणाशी आपला विरोध आहे, म्हणून या गोष्टीचे महत्त्व कमी होत नाही.) हेगच्या लवादाने १९११ साली अनियमितता मान्य केली, आणि तरीही त्यांना परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरविले.

परस्परविश्वास फर्मानाने निर्माण होत नाही, हे युरोपच्या न्यायालयांनाच हळूहळू उमगले. तुरुंगात अमानुष वागणुकीचा खरा धोका असेल तर हस्तांतर थांबवावे, असे लक्झेंबर्गच्या न्यायालयाने २०१६ साली हंगेरी व रुमानियाच्या संदर्भात सांगितले. पोलंडमधील न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याविषयीची शंका तपासण्याची मुभा २०१८ साली दिली. जर्मनीचे सरकारी अभियोक्ते मंत्र्यांच्या आदेशाखाली असू शकतात, म्हणून त्यांना अशी वॉरंटे काढता येणार नाहीत, असे २०१९ साली ठरले. कातालोनियाचे नेते पुजदेमाँ यांना बंडाच्या आरोपावरून सोपविण्यास जर्मन न्यायालयाने २०१८ साली नकार दिला व सार्वजनिक निधीच्या गैरवापरापुरती संमती दिली, तेव्हा स्पेनने वॉरंटच मागे घेतले.

पुजदेमाँ यांच्यामागे नामांकित वकील उभे राहिले. जुन्या किरकोळ चोरीसाठी परदेशातील कामावरून उचलल्या जाणाऱ्या पोलिश मजुरामागे कोण उभे राहते? अटकेच्या देशात आणि वॉरंट काढणाऱ्या देशातही वकिलाचे साहाय्य घेण्याचा हक्क २०१३ च्या निर्देशाने त्याला दिला आहे. तो त्याच्या भाषेत त्याच्यापर्यंत पोचविणे हे तेथील कामगार संघटनांचे काम आहे, आणि ते करावयास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.