पारखल्यानंतरचे कर्तव्य

गोरोबाकाकांनी थापटण्याने पारखून संत नामदेवांना कच्चे मडके ठरविले, ही कथा मराठी घरांत सर्वश्रुत आहे. तिचा उत्तरार्ध मात्र विस्मरणात जातो. परंपरा सांगते की, त्यानंतर नामदेव औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांकडे गेले आणि तेथे त्यांना गुरूपदेश लाभला. परीक्षेइतकेच परीक्षेनंतरचे मार्गदर्शन महत्त्वाचे, हा या कथेचा बोध होय.

ते औंढा आज ज्या हिंगोली जिल्ह्यात आहे, तेथील कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. सोयाबीन आणि हळदीच्या काढणीत शेतकऱ्याच्या मुलामुलींच्या तासिका बुडतात, विषय राहतात. घरी ते कळते निकालानंतर. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन थांबण्याची मुभा दिली. परतण्याचा निश्चय असणाऱ्यास ती सोय आहे. विचारपूस करणारे कोणी नसेल, तर तीच गळतीची वाट ठरेल.

म्हणून पालक-प्राध्यापकाची नोंदवही केवळ मूल्यांकन समितीला दाखविण्यासाठी नसावी. पहिल्या अंतर्गत चाचणीनंतरच मागे पडलेल्यांची यादी व्हावी, घरी दूरध्वनी जावा, उजळणीच्या तासिका सुरू व्हाव्यात. ज्या घरात यापूर्वी कोणी महाविद्यालयात गेले नाही, तेथे गुणपत्रिका समजावून सांगणारा माणूस हवा. ते काम निवृत्त शिक्षकांनी, सुशिक्षित कुटुंबांनी आणि आपल्या कार्यकर्त्यांनी स्वीकारावे. प्रत्येकाने दोन विद्यार्थ्यांची वर्षभर काळजी वाहिली, तरी पुष्कळ साधेल.